स्वतंत्र ग्रंथसंपादक नेमायचा आहे: अनुभव आणि ताकद जोखायची कशी?

माणगंगा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. सांगली-साताऱ्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या पाण्याचा इतिहास, असं एका पुस्तकाचं हस्तलिखित तयार आहे. साधारण ७० हजार शब्द. निवेदन प्रमाण मराठीत, मुलाखती माणदेशी बोलीत. शकातल्या तारखा असलेली जुनी कागदपत्रं, जमिनीचे तक्ते आणि भरपूर तळटिपा आहेत. शेवटी सूचीही हवी आहे. प्रकाशक छापायला तयार आहेत, पण संपादन लेखकाने बाहेरून करून आणावं असं त्यांचं म्हणणं आहे.

तीन स्वतंत्र संपादकांची माहितीपत्रकं समोर आहेत. एकजण वृत्तपत्राच्या डेस्कवरून निवृत्त झालेले, दुसऱ्या महाविद्यालयात मराठी शिकवत होत्या, तिसऱ्यांचं भाषांतर आणि कोशकाम. 'अनेक पुस्तकांचं संपादन' हे तिघांच्याही पत्रकात आहे. त्यातून काही कळत नाही. कोणती पार्श्वभूमी कोणत्या कामाला उपयोगी पडते, आणि खरी ताकद आहे की नाही हे पैसे देण्याआधी कसं ओळखायचं?

शिरोरेखा

माणगंगाताई, माणूस नंतर निवडा, आधी काम ठरवा. आशयसंपादनात प्रकरणांचा क्रम, पुनरुक्ती, तोकडा पुरावा, लांबलेली मुलाखत हे सगळं येतं. भाषासंपादनात वाक्यरचना, शब्द, लेखननियम आणि पुस्तकभर एकवाक्यता. आणि मुद्रितशोधन म्हणजे मांडणी झाल्यावर पान जसं छापलं जाणार तसं वाचणं. एकाच माणसाने ही तिन्ही कामं एका वाचनात करतो म्हटलं, तर त्यातली दोन होत नाहीत. प्रकरण कुठे हलवायचं याचा विचार करणारा डोळा ऱ्हस्व-दीर्घ पाहत नाही, आणि वेलांटी पाहणाऱ्या डोळ्याला सातव्या पानावरचा मुद्दा एकशे दहाव्या पानावर परत आलाय हे दिसत नाही.

तुमच्या वर्णनावरून आशय आणि भाषा दोन्ही हवं आहे. म्हणजे किमान दोन वाचनं, आणि मुद्रितशोधनाला शक्यतो वेगळा माणूस. सहा महिने जो मजकूर एकच डोळा वाचतोय, तो त्या डोळ्याला पाठ झालेला असतो. मग चूक दिसत नाही, जे असायला हवं तेच दिसतं.

खिळेजुळारी

ग्रंथयादीवर फार विसंबू नका. मराठी पुस्तकाच्या श्रेयपानावर मुखपृष्ठकार, अक्षरजुळणी, मुद्रक, बऱ्याचदा मुद्रितशोधकही असतो, पण संपादकाचं नाव क्वचित असतं. त्यामुळे यादी पडताळता येत नाही. उलट 'संपादक' म्हणून ज्यांचं नाव मुखपृष्ठावर दिसतं, त्यांनी लेख गोळा करून प्रस्तावना लिहिलेली असते. गौरवग्रंथ आणि स्मरणिकांचं ते काम वेगळं, त्यावरून भाषासंपादनाचा हात कळत नाही.

यादीऐवजी दोन गोष्टी मागा. एखाद्या लेखकाची परवानगी घेऊन दाखवता येईल असं जुनं काम, 'ट्रॅक चेंजेस' (केलेला प्रत्येक बदल दिसत राहण्याची सोय) चालू असलेल्या फाइलची चार-पाच पानं. आणि एक शैलीपत्रक. ज्याने मनापासून पुस्तकं संपादित केली आहेत त्याच्याकडे शैलीपत्रकं असतातच.

नवखा_वाचक

शैलीपत्रक म्हणजे काय? वाचक म्हणून विचारतोय.

खिळेजुळारी

त्या पुस्तकापुरते घेतलेले सगळे निर्णय एका ठिकाणी. 'करणे' की 'करणं', 'संघ' की 'सङ्घ', आकडे अंकी की अक्षरी आणि कितीपर्यंत अक्षरी, तारीख कशी लिहायची, 'इ. स.' मध्ये जागा सोडायची की नाही, गावांच्या नावांची रूपं, 'रा. रा.' किंवा 'श्री.' ठेवायचं की काढायचं, अवतरणचिन्हं एकेरी की दुहेरी. वीस पानांच्या पुस्तिकेला हे डोक्यात राहतं, ७० हजार शब्दांना नाही. हेच पत्रक पुढे अक्षरजुळणीकार आणि मुद्रितशोधक वापरतात. ते नसेल तर मुद्रितशोधक संपादकाने मुद्दाम ठेवलेली रूपं 'दुरुस्त' करून टाकतो.

चौकट

पार्श्वभूमीबद्दल. प्रत्येक व्यवसाय माणसाच्या हाताला एक वळण लावतो, आणि ते वळणच त्याची ताकद असते, तीच त्याची खोडही.

डेस्कवरचा माणूस कापतो चांगलं. तीनशे शब्दांचं दीडशे करताना माहिती सांडत नाही. नावं, पदं, तारखा यांबद्दल त्याला उपजत संशय असतो, ही मोठी गोष्ट आहे. पण त्याला सगळं एका लयीत आणायची सवय असते. लांब, वळणं घेत जाणारं वाक्य दिसलं की तो त्याची तीन करतो. 'सदर', 'दरम्यान', 'याप्रकरणी' हे शब्द त्याला खटकत नाहीत. पुस्तकात वाचक दोनशे पानं सोबत असतो, तिथे हा बातमीचा ठेका थकवतो.

शिक्षकी पार्श्वभूमीचं बळ व्याकरणात. नियम विचारलात तर नियम मिळेल, अपवादही मिळेल. धोका बोलीचा. मुलाखतीतली आजी 'आमास्नी पानी न्हवतं' म्हणते, तिथे हात शिवशिवतो.

भाषांतर करणाऱ्याला मराठीखाली दडलेली इंग्रजी वाक्यरचना चटकन दिसते. 'च्या माध्यमातून', 'द्वारे', 'ज्यामुळे की', 'केले गेले' हे तो वास घेऊन काढतो. कोशकाम केलेला माणूस एकवाक्यतेला पक्का: पान १२ वरचं गाव पान २०३ वर वेगळ्या रूपात आलं तर त्याला झोप येत नाही. मात्र तो वेळ घेतो, आणि कथनाचा ओघ त्याच्या यादीत खाली असतो.

आणखी एक वर्ग माहितीपत्रकात नेहमी कमी लेखला जातो: अक्षरजुळणीतून वर आलेली माणसं. पान कसं बसतं, तळटीप कुठे फुटते, तक्ता डेमी (पुस्तकाच्या नेहमीच्या आकाराच्या) पानाच्या रुंदीत मावेल का, हे त्यांना हस्तलिखित वाचतानाच कळतं.

तुमच्या पुस्तकाला माझं मत तिसऱ्या व्यक्तीला.

डोंगरवाट

चौकट, डेस्कवाल्यांवर जरा अन्याय झाला. स्थानिक इतिहासात सगळ्यात घातक चूक भाषेची नसते, तपशिलाची असते, आणि ती पकडायची सवय डेस्कवरच लागते. या विषयातल्याच नेहमी सापडणाऱ्या चुका देतो:

'१९५२ मध्ये सांगली जिल्ह्यात...' तेव्हा तो दक्षिण सातारा जिल्हा होता. सांगली हे नाव १९६० मध्ये आलं.

'१९५० साली महाराष्ट्र सरकारने...' महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चं. त्याआधी मुंबई राज्य.

'१९४८ ला मजुरी पंचवीस पैसे होती.' दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून. १९४८ ला चार आणे.

'१९७२ मध्ये रोजगार हमी कायद्याखाली...' १९७२ ला योजना होती. कायदा १९७७ चा, आणि तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला.

यातलं एकही वाक्य व्याकरणाने चुकीचं नाही. शुद्धलेखनात पारंगत माणूस चारही सोडून देईल. म्हणून नमुना देताना असे दोन-तीन तपशील असलेला भाग द्या आणि समासात प्रश्न येतो का ते बघा.

शिरोरेखा

डोंगरवाट यांच्या यादीला अनुमोदन. फक्त एक जोड: मुलाखत देणाऱ्याच्या तोंडी ही चूक असेल, तर संपादकाने ती दुरुस्त करायची नाही. म्हातारे गृहस्थ 'बावन्न साली आपल्या सांगली जिल्ह्यात' म्हणाले असतील तर ते तसंच राहील, खाली तळटीप येईल. निवेदनात असेल तर मजकुरात दुरुस्ती, तीही लेखकाला विचारून. हा फरक न कळणारा संपादक तोंडी इतिहासाला उपयोगाचा नाही.

कानामात्रा

लेखननियमांच्या परीक्षेसाठी अवघड शब्द विचारू नका. 'निर्भर्त्सना' कोणीही कोशात बघून सांगेल. नियम हाडात मुरलाय का हे साध्या शब्दांत दिसतं.

साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये भर पडलेले चार, असे अठरा नियम. त्यातला सामान्यरूपाचा घ्या. तुमच्या पुस्तकात विहीर, जमीन आणि पंढरपूर पानोपानी असणार. विहीर पण विहिरीला, जमीन पण जमिनीत, पंढरपूर पण पंढरपुरात. हस्तलिखितात हमखास 'विहीरीला', 'जमीनीत', 'पंढरपूरात' असतं.

दुसरा 'ऊन' आणि 'वून'. धातूत 'व' असेल तरच 'वून': ठेवून, धावून, जेवून. नसेल तर 'ऊन': जाऊन, येऊन, घेऊन, धुऊन. इथे घाईतला संपादक 'शोधा आणि बदला' लावून सगळे 'वून' एकदम 'ऊन' करतो. 'येवून'चं 'येऊन' होतं खरं, पण त्याच फटक्यात 'ठेवून'चं 'ठेऊन' होतं, 'धावून'चं 'धाऊन'. चूक कमी होत नाही, जागा बदलते.

तिसरा समासातला ऱ्हस्व. 'कवी' दीर्घ, 'कविमन' ऱ्हस्व. 'गुरू' दीर्घ, 'गुरुदक्षिणा' ऱ्हस्व. आणि जोडाक्षरं: महत्त्व, तत्त्व, व्यक्तिमत्त्व यांत दोन त, नेतृत्व आणि अस्तित्वात एक. उज्ज्वलमध्ये दोन ज, प्रज्वलितमध्ये एक.

कोश विचारा. शेल्फवर किंवा संगणकावर काय आहे? दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, अरुण फडके आणि यास्मिन शेख यांचे लेखनकोश, वाळंबे यांचं व्याकरण. ग्रामीण शब्दांना मोल्सवर्थ आजही लागतो. मोटेच्या भागांची नावं, जमिनीचे प्रकार, पाण्याचे पाट यांसाठी तिथेच जावं लागतं.

टोरांटोकर

हे सगळं आता यंत्र करत नाही का? शुद्धिचिकित्सक आहेत, कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. संपादकाला एवढे पैसे का मोजायचे?

अक्षरगणेश

यंत्र 'विहीरीला' पकडेल. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत ते गप्प बसतं, कारण दोन्ही खरे शब्द आहेत. 'डोंगरदर्यांतून' लिहिलं की डोंगरात समुद्र येतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' तसंच: एक गुरू, दुसरा स्वयंपाकी.

बोलीचं तर विचारूच नका. यंत्राला दिलं की 'न्हवतं'चं 'नव्हतं' करून परत येतं, आणि बदल केल्याचं सांगतही नाही. यंत्र वापरलंत तरी चालेल, पण मुलाखतींचा मजकूर बाहेर ठेवा, आणि संपादकाला स्पष्ट विचारा की तो काय वापरतो. अप्रकाशित हस्तलिखित कुठल्या सेवेत चढवायचं की नाही, हे लेखकाने ठरवायचं.

आणि माणगंगाताई, मुख्य प्रश्न राहिलाच: तुमची फाइल कुठल्या फॉन्टमध्ये आहे?

माणगंगा

निम्मी युनिकोड. जुनी प्रकरणं श्री-लिपी या युनिकोडआधीच्या फॉन्टपद्धतीत होती, ती रूपांतर करून घेतली आहेत.

अक्षरगणेश

मग हे मुद्दाम वाचा, कारण इथे संपादकाची तांत्रिक बाजू उघडी पडते.

रूपांतरात ठरावीक गोष्टी मोडतात. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, म्हणून पूर्ण फाइलीत 'र्या' शोधून एकेक बघायचं. सरसकट बदल चालत नाही, 'कार्यालय', 'सूर्या', 'मर्यादा' बिघडतील. 'ॲ' हे अक्षर एका ठिकाणी एकच चिन्ह म्हणून, तर दुसऱ्या ठिकाणी 'अ'वर चंद्र ठेवून बनलेलं असतं. डोळ्याला सारखं दिसतं, पण शोधताना एक सापडतं, दुसरं नाही. सूचीत मग एकाच नावाच्या दोन नोंदी पडतात. 'स्वतः', 'दुःख' यांत विसर्गाऐवजी अपूर्णविराम (:) टंकलेला असतो. तो विरामचिन्ह असल्यामुळे मांडणीत ओळ तिथेच तुटू शकते, 'दु:' एका ओळीत आणि 'ख' पुढच्या. शिवाय शब्दांत लपलेली न दिसणारी जोडचिन्हं आणि पूर्णविरामाआधीची मोकळी जागा.

अनुभवी संपादक वाचायला बसण्याआधी अर्धा दिवस या साफसफाईला देतो. 'फाइल मिळाली, उद्यापासून वाचतो' म्हणणारा ही घाण दुसऱ्या प्रुफात एकेक करून वेचत बसेल, आणि तेव्हा प्रत्येक दुरुस्तीला ओळी सरकतील.

नवखा_वाचक

आणि तो शेंडीफोड्या श, पाकळीचा ल? तेही संपादकच बघतो?

अक्षरगणेश

ते अक्षराचं वळण, फॉन्टचं काम. २००९ च्या शासन निर्णयात आणि २०२२ च्या सुधारित निर्णयात ती रूपं दिली आहेत. मांडणीत मजकुराची भाषा 'मराठी' निवडली आणि फॉन्टमध्ये सोय असली की आपोआप येतात, भाषा 'हिंदी' राहिली तर हिंदी वळण येतं. संपादकाने अक्षरजुळणीकाराला एका ओळीत कळवलं की झालं.

एकरगुंठा

जमिनीचे तक्ते आहेत म्हणालात, म्हणून लिहितो. जुन्या सातबाऱ्यातला '२.२०' हा दशांश नसतो, २ एकर २० गुंठे असतात. एकराचे गुंठे ४०, म्हणजे हे अडीच एकर झाले. २.२० आणि १.३० यांची बेरीज ४.१० (चार एकर दहा गुंठे). गणकयंत्र ३.५० सांगतं. संगणकाच्या तक्त्यात टाकून बेरीज केली असेल तर पूर्ण स्तंभ चुकलेला असतो, आणि छापून आल्यावर गावातला पहिलाच वाचक बोट ठेवतो. नंतरच्या नोंदी हेक्टर-आरमध्ये, तिथे १०० आरांचा हेक्टर असल्यामुळे दशांश चालतो. एकाच तक्त्यात दोन्ही मिसळले की संपलं.

पाण्याचंही तसंच. टीएमसी हे साठ्याचं माप, एक अब्ज घनफूट. क्युसेक हा वेग, सेकंदाला एक घनफूट. 'धरणातून पाच टीएमसीने पाणी सोडलं' हे वाक्य अर्थहीन आहे. एक टीएमसी चोवीस तासांत सोडायला साधारण ११,५७४ क्युसेकचा विसर्ग लागतो. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांवर प्रकरणं असतील तर हे पानोपानी येणार.

माझं म्हणणं एवढंच की संपादक विषयाचा जाणकार हवा. नुसती भाषा येऊन भागत नाही.

चौकट

एकरगुंठादादा, माहिती बहुमोल, पण निष्कर्षाला विरोध. विषयाचा जाणकार संपादक वाचकाला काय कळणार नाही हे विसरतो. त्याला 'चारी', 'मायनर', 'पाळी' हे कालव्याच्या पाण्याचे शब्द इतके सवयीचे असतात की ते समजावायचे राहिलेत हे त्याच्या ध्यानात येत नाही. बाहेरचा हुशार संपादक अडतो, आणि जिथे तो अडतो तिथेच वाचक अडणार असतो. तक्ते पाटबंधाऱ्यातल्या किंवा महसुलातल्या निवृत्त माणसाला स्वतंत्रपणे दाखवावेत. ते दोन दिवसांचं काम.

एकरगुंठा

ते चालेल. फक्त 'हे मला पडताळता येत नाही, जाणकाराला दाखवा' असं लिहून देण्याइतका संपादक प्रामाणिक हवा. बरेचजण तक्ता वाचतच नाहीत, पुढच्या परिच्छेदावर उडी मारतात.

शिरोरेखा

हे मात्र खरं. तक्ते, तळटिपा, छायाचित्रांच्या ओळी आणि परिशिष्टं: चुका इथे साचतात, कारण सगळे त्या वेळी थकलेले असतात.

संपादित मजकूर कसा दिसतो हे दाखवलं तर बोलणं सोपं होईल, म्हणून एक बनवलेलं उदाहरण.

मूळ: 'सदर बंधाऱ्याचे काम शासनाद्वारे १९७२ च्या दुष्काळाच्या दरम्यान हाती घेण्यात आले होते, ज्यामुळे गावातील अनेक लोकांना रोजगार प्राप्त झाला होता.'

कच्च्या हाताचं संपादन: 'या बंधाऱ्याचे काम शासनाने १९७२ च्या दुष्काळादरम्यान हाती घेतले होते. त्यामुळे गावातील अनेकांना रोजगार मिळाला होता.' चुकीचं काही नाही. पण कागदी ते कागदीच.

पक्क्या हाताचं: 'बहात्तरच्या दुष्काळात सरकारने हा बंधारा बांधायला घेतला आणि गावातल्या अनेकांच्या हाताला काम मिळालं.' शेजारी समासात दोन प्रश्न: 'अनेक म्हणजे किती? हजेरीपट मिळाला आहे का?' आणि 'पान ४१ वर हेच काम १९७३ ला सुरू झाल्याचं आहे. कोणतं बरोबर?'

वाक्य सुधारणं हा निम्मा भाग. प्रश्न हा उरलेला, आणि माझ्या मते मोठा. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी 'मौज' प्रकाशनात आणि 'सत्यकथा' मासिकात लेखकाला पत्रातून शंका विचारायची, बदल त्याच्याच हातून घडवायचा अशी रीत रुजवली. आज पत्राची जागा समासातल्या टिपेने घेतली आहे, रीत तीच.

डोंगरवाट

'बहात्तरच्या दुष्काळात' हे निवेदनात चालेल? आकड्यांच्या एकवाक्यतेचं काय?

शिरोरेखा

शैलीपत्रकात तसं ठरवलं असेल तर चालेल. त्या दुष्काळाचं ते लोकांत रुळलेलं नावच आहे. बाकी वर्षं अंकात.

कानामात्रा

बोलीचा मुद्दा पूर्ण करूया, तो या पुस्तकाचा गाभा आहे. दोन टोकं टाळायची. एक म्हणजे सगळं प्रमाण करणं. दुसरं टोक जास्त फसवं: 'ग्रामीण' दिसावं म्हणून सगळ्यांच्या तोंडी एकच ठसा मारणं, प्रत्येक 'ण'चा 'न' आणि प्रत्येक 'आहे'चं 'हाय'. प्रत्यक्षात शाळेत गेलेला नातू 'पाणी' म्हणतो, आजी 'पानी' म्हणते, आणि तीच आजी सरकारी माणसाबद्दल सांगताना जरा सावरून बोलते.

संपादकाला विचारा: 'एकाच माणसाच्या बोलण्यात न्हाय, न्हाई आणि नाही तिन्ही आलं तर काय कराल?' योग्य उत्तर: ध्वनिमुद्रण ऐकू, खरंच तसं असेल तर ठेवू, टंकनाची गफलत असेल तर त्या वक्त्यापुरतं एक रूप ठरवू. 'सगळीकडे न्हाई करून टाकू' म्हणणाऱ्याकडे देऊ नका.

वाईपरिसर

शकातल्या तारखांकडे कोणी वळलं नाही. शकात ७८ मिळवले की इसवी सन, एवढंच बऱ्याच जणांना माहीत असतं. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे माघ-फाल्गुनात ७९ मिळवावे लागतात. माघ शके १७९८ म्हणजे १८७६ नव्हे, १८७७ ची सुरुवात. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळाची कागदपत्रं असतील तर वर्षभराचा हा फरक घटनांचा क्रम उलटा करतो. पौषातली तिथी असेल तर जंत्री (तिथी आणि इंग्रजी तारखा जुळवणारं कोष्टक) उघडल्याशिवाय काहीच लिहू नये, त्याच महिन्यात इंग्रजी वर्ष पालटतं.

कोशकाम केलेल्या संपादकाची ताकद नेमकी इथे. त्याला सगळं येत असतं असं नाही, पण कोणत्या गोष्टीसाठी कोणतं पुस्तक उघडायचं हे येतं.

टोरांटोकर

वेळ आणि पैशांचं कसं ठरवायचं? कोणी आठ दिवसांत देतो म्हणतं, कोणी तीन महिने.

खिळेजुळारी

हिशेब मांडता येतो. लक्षपूर्वक भाषासंपादन तासाला हजार-अकराशे शब्दांच्या पुढे जात नाही. ७० हजारांना पहिलं वाचन साधारण ६५ तास. दुसरं वाचन वेगाने, तासाला अडीच हजार धरा, म्हणजे २८ तास. साफसफाई, शंका आणि लेखकाशी चर्चा धरून एकूण शंभरेक तास. दिवसाला चार तासांपेक्षा जास्त वेळ नजर टिकत नाही. म्हणजे कामाचे २५ दिवस, आणि मध्ये लेखकाने उत्तरं द्यायला लागणारे दिवस वेगळे. आठ दिवसांत देणारा एकदाच वाचणार आहे.

दर शब्दावर ठरवा, पानावर नको. पान कोणतं, ए-फोर की डेमी, यावरून नंतर वाद होतात. पैसे तीन टप्प्यांत: सुरुवातीला, पहिलं वाचन हातात आल्यावर, शेवटची फाइल दिल्यावर. करारात वाचनं किती, सूची आणि मलपृष्ठाचा मजकूर धरलाय का, लेखकाने संपादनानंतर नवा मजकूर घातला तर काय, श्रेयपानावर नाव कसं, हे चार मुद्दे हवेतच. तिसऱ्यावर सर्वात जास्त भांडणं होतात. संपादित प्रकरणात लेखक नवीन चार पानं घालतो आणि ती कोणीच न वाचता छापली जातात.

माणगंगा

सर्वांचे मनापासून आभार. कोशकामवाल्या संपादकांकडून आणि डेस्कवरच्या गृहस्थांकडून, दोघांकडूनही नमुना करून घ्यायचं ठरवलं आहे. नेमका कोणता भाग द्यावा? आणि सूची संपादकाकडूनच घ्यावी का?

शिरोरेखा

पहिलं प्रकरण देऊ नका, ते तुम्ही वीस वेळा घासलेलं असतं. मधलं द्या. दीड हजार शब्द, त्यात निवेदन, मुलाखतीचा तुकडा, एक छोटा तक्ता आणि दोन तळटिपा. दोघांना तोच मजकूर, आणि नमुन्याचे पैसे द्या. फुकट नमुना घाईत होतो, त्यावरून काही ठरवता येत नाही.

परत आल्यावर आधी समास वाचा. प्रश्न किती नेमके आहेत ते बघा. मग चार-पाच बदल निवडून कारण विचारा. 'असं बरं वाटतं' हे उत्तर एखाद्या वेळी चालतं, प्रत्येक वेळी नाही. शेवटी, न बदललेली वाक्यं बघा. तुमची चांगली वाक्यं त्याने तशीच ठेवली आहेत का? सरसकट लाल झालेलं पान मेहनतीचं दिसतं, पण त्यात लेखकाचा आवाज उरलेला नसतो.

अक्षरगणेश

सूचीबद्दल. ती शेवटचं पेज प्रूफ पक्कं झाल्यावरच करायची, आधी केली तर पानं सरकतात. पण कोणते शब्द घ्यायचे याच्या खुणा संपादकाने वाचतानाच करून ठेवाव्यात, त्याच्याइतकं बारकाईने पुस्तक पुन्हा कोणी वाचत नाही. म्हणून खुणा त्याच्याकडून, पृष्ठांक अक्षरजुळणीकाराकडून.

क्रम संगणकावर सोडू नका. संगणक 'ळ'ला 'ल'च्या पाठोपाठ बसवतो, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. त्यामुळे 'कळंबी' 'कवठे'च्या आधी जाऊन बसते, वाचक मात्र ती नंतर शोधतो. 'क्ष' आणि 'ज्ञ'ने सुरू होणाऱ्या नोंदी 'क' आणि 'ज'खाली जातात, त्या हाताने शेवटी न्याव्या लागतात. अनुस्वार असलेले शब्द आधी की नंतर, हे कोशांतही वेगवेगळं दिसतं, ते शैलीपत्रकात लिहून घ्या.

आणि पानांचा अंदाज आत्ताच घ्या. डेमीत पानाला २८० शब्द धरले तर मजकूर २५० पानं. सुरुवातीची पानं आणि सूची मिळून २२ धरा. २७२ म्हणजे सोळा पानांचे बरोबर सतरा फर्मे (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं). सूची सहा पानांनी वाढली तर अठरावा फर्मा लागेल आणि त्यातली दहा पानं कोरी जातील, म्हणून सूचीचा अक्षरआकार आणि दोन स्तंभ यांचं प्रकाशकांशी आधीच बोलून ठेवा.